उंट, प्यादं आणि खोटा +४

बुद्धिबळाच्या डावाचा शेवट घ्या: पांढऱ्याकडे राजा, काळ्या घरांतून फिरणारा उंट आणि ए-पट्टीतलं, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या पट्टीतलं प्यादं. काळ्याचा एकटा राजा ए८ च्या कोपऱ्यात. हा डाव बरोबरीचाच, कारण प्याद्याला वजीर व्हायचं ते ए८ हे पांढरं घर आणि उंट त्यावर कधीच मारा करू शकत नाही. तरी बुद्धिबळ खेळणारे जुने प्रोग्रॅम उंटाचे ३ आणि प्याद्याचा १ मिळवून बिनदिक्कत +४, म्हणजे पांढरा चार गुणांनी पुढे, असं दाखवत. उंट-घोड्याने मात देतानाही असंच व्हायचं: राजाला कोपऱ्यात रेटायचं एवढंच ठाऊक, पण मात उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच बसते. मग प्रोग्रॅमर अशा एकेका डावासाठी वेगळा नियम लिहीत बसले.

खरा उपाय उलटा निघाला. १९६५ मध्ये गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी तो सुचवला. त्या मोहऱ्यांच्या सगळ्या स्थिती मांडायच्या, मात झालेल्या स्थितींवर खूण करायची आणि एकेक चाल मागे यायचं. प्रतिस्पर्ध्याला हरलेल्या स्थितीत ढकलणारी एक जरी चाल असली तर 'जिंकलं'. प्रत्येक चाल त्याला जिंकून देत असेल तर 'हरलं'. नवी खूण पडेनाशी झाली की उरलेल्या सगळ्या बरोबरी. असे निकाल साठवलेल्या फाइल्स म्हणजे 'तक्ते'.

संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९८३ मध्ये दोन उंट विरुद्ध घोडा हा डाव असा सोडवला. १८५१ पासून ज्या बचावाच्या जोरावर तो बरोबरीचा मानला जात होता, तो बचाव फुटला. डाव बहुतेक वेळा जिंकता येतो, पण त्याला ६६ चालींपर्यंत लागू शकतात. इथे ५० चालींचा नियम आडवा आला: तेवढ्या चालींत प्यादं हललं नाही की मोहरं मारलं गेलं नाही, तर बरोबरी मागता येते. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने काही डावांना सवलत दिली, नंतर काढून घेतली. नालिमोव्ह नावाचे आधीचे तक्ते हा नियम धरतच नसत, त्यामुळे कागदावरची मात पटावर बरोबरी ठरे. २०१३ मधल्या रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी तक्त्यांनी ही उणीव भरून काढली.

जागेचं गणितही पाहा: राजे आणि प्यादी धरून पाच मोहऱ्यांपर्यंत सुमारे ९३९ एमबी, सहापर्यंत १५० जीबीच्या आसपास, सातसाठी १६ टीबीच्या वर. मालवण-देवगडकडे जून लागला की नेट बेभरवशाचं, म्हणून ऑनलाइन तक्त्यावर विसंबण्यापेक्षा पाच मोहऱ्यांचा संच आधीच पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर घेतलेला बरा.

प्रत्येक डावाच्या दोन फाइल्स असतात. एक फक्त जिंकलं-हरलं-बरोबरी सांगते. दुसरी पुढचं प्यादं हलायला किंवा मोहरं मारायला किती चाली उरल्या ते मोजते. जागा वाचवायला दुसरी टाळली, तर इंजिन, म्हणजे खेळणारा प्रोग्रॅम, जिंकलेल्या डावात विजय न सोडता गोल गोल फिरत राहू शकतं आणि ५० चाली भरतात. इंजिनला दिलेला तक्त्यांच्या फोल्डरचा मार्ग चुकला तर इंजिन अडत नाही, मुकाट्याने जुन्याच अंदाजाने खेळतं. म्हणून मार्ग दिल्यावर स्टॉकफिश या इंजिनाचा संदेश वाचावा: पाच मोहऱ्यांचा पूर्ण संच असेल तर तिथे १४५ हा आकडा दिसायलाच हवा.