घातांक आणि लॉगॅरिदम: श्टीफेलचं श्रेय कुठवर?

लॉगॅरिदमचे जनक मानले जाणारे जॉन नेपियर यांच्या आधी सोळाव्या शतकातल्या मिखाएल श्टीफेल या जर्मन गणितज्ञानंच लॉगॅरिदम शोधले, असा दावा अधूनमधून वाचायला मिळतो. श्टीफेल थोरच, पण या दाव्यात घातांक आणि लॉगॅरिदम यांची गल्लत झाली आहे.

२ चा पाचवा घात ३२. यातला ५ हा २ चा घातांक, आणि तोच ५ म्हणजे २ या पायाला ३२ चा लॉगॅरिदम. संख्या एकच, म्हणून घोटाळा होतो.

श्टीफेलनं १५४४ मध्ये न्यूरेंबर्गला छापलेल्या ‘अरिथमेटिका इंटेग्रा’त दोन ओळी मांडल्या. वर −३ पासून ६ पर्यंतच्या संख्या, खाली १/८, १/४, १/२, १, २, ४ असं करत ६४. खालच्या ४ आणि ८ चा गुणाकार हवा असेल तर वरचे २ आणि ३ मिळवायचे. ५ च्या खाली ३२ तयार. भागाकाराला वजाबाकी. ऋण संख्यांना तो ‘निरर्थक’ म्हणे, तरी −३ खाली १/८ मांडायला कचरला नाही! ‘एक्स्पोनेंट’ हा शब्दही त्याचाच.

आता याच तक्त्यावर ५ गुणिले ७ करून बघा. गाडी अडते, कारण ४ नंतर थेट ८ आहे. लॉगॅरिदम इथे कामाला येतो: ५ साठी २.३२२, ७ साठी २.८०७, बेरीज ५.१२९, आणि तेवढा २ चा घात घेतला की ३५. मधल्या रिकाम्या जागा भरणं हेच खरं कष्टाचं काम होतं.

या जागा भरायला घड्याळं बनवणाऱ्या योस्ट ब्युर्गीनं खालच्या ओळीतल्या लागोपाठच्या संख्यांचं गुणोत्तर २ ऐवजी १.०००१ घेतलं. मूळ संख्येच्या दहापट व्हायला २३,००० हून जास्त पायऱ्या! त्याचा तक्ता १६२० मध्ये प्रागला छापला गेला. श्टीफेलचा खरा वारस मी त्यालाच मानतो.

श्टीफेल हा एस्लिंगेनचा, आधी मठातला साधू, मग धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा अनुयायी. १९ ऑक्टोबर १५३३ ला सकाळी आठ वाजता जग बुडणार, असं भाकीत त्यानं आकडेमोडीवरून केलं आणि ते अंगाशी आलं. त्याच्याबद्दल बोलताना हाच किस्सा रंगवला जातो, याचं वाईट वाटतं. ‘अरिथमेटिका इंटेग्रा’ त्यानंतर अकरा वर्षांनी आलं.

आणि नेपियर? १६१४ मध्ये तक्ते छापणाऱ्या या स्कॉटिश सरदारानं घातांकांचा आधार घेतलाच नाही. एक बिंदू ठरावीक वेगानं चालतो, दुसऱ्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात घटत जातो, अशी त्याची मांडणी होती.