‘फ्युरिओसा’च्या आधी: मॅड मॅक्सचे पुढचे भाग आणि एक मागचा

जग कोसळल्यानंतरच्या वाळवंटात घडणाऱ्या ‘मॅड मॅक्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेतला २०२४ चा ‘फ्युरिओसा’ म्हणजे २०१५ च्या ‘फ्युरी रोड’मधल्या नायिकेची आधीची गोष्ट. त्यावरून प्रेक्षकांत जे दोन तट पडले, त्यांचं भांडण चित्रपट चांगला की वाईट यावर फारसं नाही. ‘फ्युरी रोड’सारखा का नाही, या एका मुद्द्यावर ते अडलेलं आहे. एक गट म्हणतो, पहिला तास नुसतं लहानपणच चाललंय, खरी नायिका येईपर्यंत पॉपकॉर्न संपलं. दुसरा म्हणतो, इतकं तपशिलात उभं केलेलं जग आणि असा खलनायक रोज बघायला मिळतो का? दोघांच्याही हातात मोजपट्टी मात्र २०१५ च्या चित्रपटाची आहे, आणि ती २०२४ च्या चित्रपटाने स्वतःहून त्यांच्या हातात दिली. त्याआधी या मालिकेतल्या कुठल्याच भागाने असं केलं नव्हतं.

१९७९ च्या पहिल्या ‘मॅड मॅक्स’बद्दल इथे फार लिहीत नाही. मेलबर्नच्या आसपास, चारेक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत उरकलेला चित्रपट. दिग्दर्शक जॉर्ज मिलर (मालिकेचे सगळे भाग त्याचेच) डॉक्टर, सिडनीतल्या हॉस्पिटलात अपघाताच्या केसेस पाहिलेला. डोक्यात १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोलपंपांवर झालेल्या मारामाऱ्या. जगभरातली कमाई १० कोटी डॉलरच्या घरात गेली आणि खर्चाच्या मानाने सर्वाधिक नफ्याचा विक्रम पुढची वीसेक वर्षं त्याच्या नावावर राहिला. मधूनच मालिकेत शिरलेल्यांना एका गोष्टीचं नवल वाटतं: या भागात जग बुडालेलंच नाही. पोलीस खातं चालू आहे, हॉटेलं उघडी आहेत, रस्त्याच्या कडेला हिरवं गवत आहे.

वाळवंट आलं ते दुसऱ्या भागात, १९८१ मध्ये. आणि सिक्वेल कसा करायचा याची या मालिकेची रीत पडली ती एका धंद्याच्या अडचणीतून. पहिला भाग अमेरिकेत नीट पोचलाच नव्हता. तिथल्या वितरकाने ऑस्ट्रेलियन उच्चार प्रेक्षकांना झेपणार नाहीत म्हणून सगळे आवाज अमेरिकन कलाकारांकडून डब करून घेतले होते, म्हणजे इंग्रजी चित्रपटाचं इंग्रजीतच डबिंग! तो तिथे फारसा कोणी पाहिला नाही. मग ज्याचा पहिला भागच माहीत नाही, त्याचा दुसरा भाग विकायचा कसा? दुसऱ्या भागाच्या अमेरिकेतल्या वितरकाने १९८२ मध्ये नावातला ‘मॅड मॅक्स २’ काढून टाकला, ‘द रोड वॉरियर’ असं नाव लावलं आणि हा पुढचा भाग आहे याची जाहिरातीत वाच्यताच केली नाही.

चित्रपटाची बांधणीही त्याला सोयीची होती. सुरुवातीला जुन्या बातमीपटांसारखी कृष्णधवल दृश्यं, त्यात पहिल्या भागाचे काही तुकडे आणि वर एका म्हाताऱ्याचा आवाज: तेलावरून युद्ध झालं, सगळं कोसळलं, मॅक्स नावाचा एक माणूस होता. दोन-तीन मिनिटांत मागचं सगळं आटोपतं. हा म्हातारा कोण, ते शेवटी कळतं. त्याच लढाईत हाती बूमरँग घेऊन फिरणारं रानटी पोर म्हातारपणी आपल्या जमातीला गोष्ट सांगतंय. म्हणजे आपण पाहिली ती आख्यायिका. आख्यायिकेला तारखा लागत नाहीत, दोन सांगणाऱ्यांचा तपशील जुळायलाच हवा असंही नसतं. पुढची तीस-पस्तीस वर्षं मालिकेला ही मोकळीक पुरली.

चित्रीकरण ऑस्ट्रेलियातल्याच ब्रोकन हिल गावाजवळच्या सपाट माळावर झालं. शेवटचा टँकरचा पाठलाग आजही पाहावा, आणि पाहताना एवढं लक्षात ठेवावं: टँकर उलटवणाऱ्या चालकाला आधीचे बारा तास काही खाऊ नको असं सांगितलं होतं. जखमी झालाच तर सरळ ऑपरेशन टेबलवर घेता यावं म्हणून. पडद्यावर जो टँकर उलटताना दिसतो तो खरोखरचा आहे आणि आत माणूस बसलेला आहे.

१९८५ चा तिसरा भाग, ‘बियाँड थंडरडोम’, मी भरभर ओलांडतो. आधीच्या दोन भागांचा निर्माता आणि दिग्दर्शकाचा जवळचा मित्र १९८३ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला होता. तिसऱ्याचं दिग्दर्शन मिलरने आणखी एका दिग्दर्शकाबरोबर वाटून घेतलं, चित्रपट मुलांच्या टोळीत रेंगाळला. पण आख्यायिकेची रीत इथेही दिसते. दुसऱ्या भागातल्या वैमानिकाचं काम करणारा नटच तिसऱ्यातही वैमानिक झाला आहे. पात्र तेच की वेगळं, याचा खुलासा चित्रपट करत नाही. मॅक्सची आणि त्याची जुनी ओळख असल्याचंही कुठे दिसत नाही.

त्यानंतर तीस वर्षं काही नाही. म्हणजे पडद्यावर नाही. पडद्यामागे बरंच घडत होतं. ‘फ्युरी रोड’ २००१ मध्ये सुरू व्हायचा होता. आधी अमेरिकी डॉलर घसरून बजेट कोलमडलं, मग इराक युद्ध आलं, मग मॅक्सचं काम करणारा जुना नटच चित्रपटात राहिला नाही. पुढे नव्या नायकाला घेऊन पुन्हा ब्रोकन हिलला जायचं ठरलं, तर तिथे इतका पाऊस झाला की तांबड्या वाळवंटात फुलं उगवली. शेवटी २०१२ मध्ये सगळा लवाजमा आफ्रिकेत नामिबियाला गेला.

या थांबण्याचा फायदा पडद्यावर दिसतो. संवादांच्या पटकथेआधी प्रसंग पडद्यावर कसे दिसतील याची साडेतीन हजारांच्या आसपास चित्रं काढून झाली होती. कॅमेरामन सत्तरीच्या आसपासचा, निवृत्तीतून परत बोलावलेला. त्याला सूचना एकच होती: जे पाहायचं आहे ते चौकटीच्या बरोब्बर मधोमध ठेव. दोन तासांच्या चित्रपटात २७०० च्या आसपास कट आहेत, तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही, कारण एका कटमधला चेहरा जिथे संपतो तिथेच पुढच्या कटमधला हात सुरू होतो. अलीकडचे हाणामारीचे चित्रपट पाहताना डोकं दुखतं आणि हा पाहताना दुखत नाही, त्याचं निम्मं कारण हे. लांब काठ्यांवर झोके घेत टँकरवर उतरणारी माणसंही खरी होती, काठीच्या बुडाला वजनं बांधून तोल सांभाळलेली.

हा सिक्वेल, की नवी सुरुवात? पुरावे दोन्ही बाजूंना सापडतात. मॅक्सची काळी गाडी दुसऱ्या भागात स्फोटात गेली होती. इथे पहिल्याच दृश्यात तीच उभी. पहिल्या भागात त्याचं तान्हं मूल गेलं. इथे त्याला छळणाऱ्या भासांमध्ये एक मोठी मुलगी आहे. १९७९ मधल्या टोळीप्रमुखाचा नटच २०१५ मध्ये वेगळाच खलनायक होऊन आला. जुळवायला बसलात तर काहीच जुळत नाही, आणि कोणाचं त्यावाचून अडलं नाही. ज्यांनी आधीचा एकही भाग पाहिला नव्हता त्यांनाही पहिल्या दहा मिनिटांत पुरेसं कळलं. दहा नामांकनांपैकी सहा ऑस्कर मिळाले, त्यात संकलनाचंही.

आता वादाचा निर्णय. ‘फ्युरी रोड’नंतर पुढे काय, याचं सरळ उत्तर ‘फ्युरिओसाचं पुढे काय झालं’ हे होतं. तसं झालं नाही. पुढची गोष्ट सोडून मागची निवडली गेली आणि त्यामुळे नायिका बदलावी लागली. पैशासाठी नाव वापरलं, असा आरोप यावर सर्रास होतो. तो मला पटत नाही, कारण मागची गोष्ट नंतर जुळवलेली नव्हती. ‘फ्युरी रोड’चं चित्रीकरण सुरू होण्याआधीच तिची पटकथा लिहून तयार होती. पात्रांचा भूतकाळ चित्रपटात कुठेही सांगितला जाणार नव्हता, म्हणून तो नटांना वाचायला दिला होता. तिचा जपानी धाटणीचा ॲनिमेशनपट करायचाही विचार एकदा झाला होता. मग निर्मात्या स्टुडिओशी बोनसवरून कोर्टबाजी झाली, काही वर्षं त्यात गेली, आणि तोवर मूळ अभिनेत्री चाळिशी ओलांडून गेली.

तंत्राने तिलाच तरुण करता येईल का, हा विचार झाला होता. २०१९ मध्ये ‘द आयरिशमन’ हा गुंडांच्या टोळीवरचा साडेतीन तासांचा चित्रपट आला, त्यात सत्तरीतले नट असेच तरुण केलेले होते. तो पाहून दिग्दर्शकाचं मत बनलं की चेहरा अजून खोटा वाटतो, लोकांचं लक्ष त्या तंत्राकडेच जाईल. २०२० मध्ये त्याने ते जाहीरपणे सांगितलं, भूमिका नव्या अभिनेत्रीकडे गेली, आणि मूळ अभिनेत्रीने हे पचवायला जड गेल्याचं लपवलं नाही. गंमत अशी, की जे तंत्र दारातून परत पाठवलं ते खिडकीतून आत आलं. फ्युरिओसाचं बालपण करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यात मोठेपणीच्या अभिनेत्रीचा चेहरा टप्प्याटप्प्याने मिसळत नेला आहे, बदल कुठे झाला ते कळू नये म्हणून. ते उत्तम जमलंय.

या वादात लोक चेहऱ्यावरच अडकतात. माझी तक्रार वेगळी आहे. नट बदलणं या मालिकेला नवं नव्हतं. २०१५ मध्ये खुद्द मॅक्स बदलला आणि अर्ध्या तासात सगळे ते विसरले. ते खपून गेलं, कारण ती गोष्ट स्वतःच्या पायावर उभी होती. ‘फ्युरिओसा’ तशी उभी नाही. हात कसा गेला, टँकर कसा मिळाला, ‘फ्युरी रोड’मध्ये ती खलनायकाच्या कैदेतल्या बायकांना घेऊन का पळते, अशा प्रश्नांची उत्तरं देत ती जाते, आणि हे प्रश्न ज्याने आधीचा चित्रपट पाहिला त्यालाच पडलेले असतात. शेवट थेट ‘फ्युरी रोड’च्या दारात येऊन थांबतो, आणि श्रेयनामावलीबरोबर ‘फ्युरी रोड’चीच दृश्यं चालू होतात. अडीच तास एक चित्रपट दाखवून जाता जाता दुसऱ्याची आठवण करून द्यायची, याला काय म्हणावं? १९८२ मध्ये सिक्वेल असल्याचं लपवून चित्रपट विकला होता. इथे उलटा प्रकार.

टँकरवरच्या हल्ल्याचं पंधरा मिनिटांचं दृश्य ७८ दिवस चित्रित होत होतं आणि ते या मालिकेतल्या सर्वोत्तम दृश्यांमध्ये बसतं, हेही सांगायला हवं. पण मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुट्टीच्या चार दिवसांत ३.२ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमला. ‘फ्युरी रोड’ने साध्या तीन दिवसांत साडेचार कोटी कमावले होते. जगभराची बेरीज १७ कोटींच्या थोडी वर गेली, आणि खर्चही जवळपास तेवढाच. ‘फ्युरी रोड’ ३८ कोटींपर्यंत गेला होता. मॅक्स नाही म्हणून पडला, नायिका बदलली म्हणून पडला, बाईला पुढे केलं म्हणून पडला, असं ज्याला जे पटलं ते त्याने लिहिलं. यातलं शेवटचं कारण तर मुळीच टिकत नाही. ‘फ्युरी रोड’मध्ये तरी वेगळं काय होतं?

‘फ्युरी रोड’ आणि ‘फ्युरिओसा’ यांच्या जोडीची तिसरी गोष्टही लिहून तयार आहे. ती मॅक्सची आहे, ‘फ्युरी रोड’च्या आधीच्या वर्षातली. म्हणजे तीही मागचीच.