वायूंमधील रासायनिक समतोल

बंद पात्रातील व्युत्क्रमी (दोन्ही दिशांनी होऊ शकणारी) विक्रिया पुढे व मागे सारख्याच वेगाने चालू लागली, की वायूंचे प्रमाण स्थिरावते; या स्थितीस रासायनिक समतोल म्हणतात. विक्रिया थांबलेली नसते, फक्त बाहेरून बदल दिसत नाही.

या कल्पनेचा उगम सामान्यतः फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले यांच्याकडे नेला जातो. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तमध्ये असताना, १७९८ च्या सुमारास, त्यांनी नेट्रॉन (सोडायुक्त) सरोवरांच्या काठी साठलेला सोडियम कार्बोनेट पाहिला. मीठ व चुनखडी यांपासून तो बनणे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या परिचित विक्रियेच्या नेमके उलट होते. पदार्थाची राशी विक्रियेची दिशा पालटू शकते, हे त्यांनी ओळखले. मात्र दोन्ही विक्रिया एकाच वेळी चालू असतात, हा विचार रसायनशास्त्रज्ञ विल्यमसन यांनी १८५० मध्ये मांडला. आजच्या अर्थाने समतोलाची सुरुवात तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. गुल्डबर्ग व वॉगे या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये त्याला गणिती रूप दिले, पण लेखन नॉर्वेजियन भाषेत असल्याने ते फारसे वाचले गेले नाही. डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले.

हायड्रोजन, आयोडीन व हायड्रोजन आयोडाइड हे अभ्यासाचे अभिजात उदाहरण होय. सुमारे ४४८° से. तापमानाला समतोलांक (समतोलावस्थेतील उत्पादित व मूळ पदार्थांच्या प्रमाणांवरून काढलेला स्थिरांक) ५० च्या आसपास असतो. दोन्ही मूलद्रव्ये समप्रमाणात घ्या किंवा शुद्ध हायड्रोजन आयोडाइड घ्या, शेवटी मिश्रणात सुमारे ७८ टक्के हायड्रोजन आयोडाइडच आढळतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बोडेनस्टाइन यांच्या मोजमापांवरून ही विक्रिया दोन रेणूंच्या थेट टकरीने होते, असे दीर्घकाळ मानले गेले. १९६७ मध्ये सलिव्हन यांनी आयोडिनाचे अणू तीत भाग घेतात असे दाखवले. मार्गाविषयीचे मत बदलले तरी समतोलांकास बाध येत नाही.

डोळ्यांना दिसणारा समतोल नायट्रोजन डाय-ऑक्साइडचा. या तपकिरी वायूची बंद नळी बर्फात धरली तर रंग फिकटतो, कारण रेणू जोडीने एकत्र येऊन रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनते. गरम पाण्यात तो पुन्हा गडद होतो. बंद पिचकारीत वायू दाबला, तर रंग क्षणभर गडद होऊन लगेच थोडा उतरतो. दाब वाढल्यावर समतोल कमी रेणूंच्या बाजूस सरकतो, हे ल शातलिए यांचे तत्त्व (१८८४) इथे नुसत्या नजरेने पडताळता येते.

नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनियाच्या निर्मितीत उष्णता बाहेर पडते, म्हणून कमी तापमान समतोलाला अनुकूल, पण वेगाला प्रतिकूल असते. म्हणून लोहयुक्त उत्प्रेरकावर साधारण ४०० ते ५०० अंशांना, मोठ्या दाबाखाली विक्रिया घडवतात. अमोनिया थंड करून काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडतात.