हात धरायचं बटण: प्लेस्टेशन २ च्या पिढीची पार्श्वभूमी

‘ईको’ ही गेम सुरू केली की थोड्याच वेळात कंट्रोलरवरचं आर-१ बटण दाबून ठेवायची सवय लागते. त्या बटणाने गोळी सुटत नाही की उडी मारली जात नाही. बटण दाबलं की डोक्याला शिंगं असलेला तो मुलगा योर्डा नावाच्या मुलीचा हात धरतो, सोडलं की हात सुटतो. ती जी भाषा बोलते ती त्याला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. ओसाड किल्ल्यातून दोघांनी बाहेर पडायचं, एवढंच काम. मुलगा धावत सुटला की ती मागे ओढली जाते, अडखळते, आणि आपण नकळत वेग कमी करतो. ही गेम २००१ सालची. त्याआधी एवढ्या साध्या क्रियेभोवती अख्खी गेम उभी करायचा विचार क्वचितच कुणी केला असेल.

कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या, इतिहासात या काळाला सहावी पिढी म्हणतात. सेगाचा ड्रीमकास्ट, सोनीचा प्लेस्टेशन २, निन्टेंडोचा गेमक्यूब आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ही तिची चार यंत्रं. १९९८ च्या अखेरीला ती सुरू झाली आणि २००५-०६ मध्ये पुढच्या पिढीने तिची जागा घेतली. माझं मत विचाराल तर व्हिडिओ गेम्सच्या इतिहासात इतकी दाट, इतकी वेगवेगळ्या दिशांना धावणारी सात वर्षं दुसरी नाहीत. यंत्रं पहिल्यांदाच विश्वास बसावा असं त्रिमितीय जग दाखवू लागली होती. मात्र त्या जगात खेळाडूने काय करायचं, कॅमेरा कुठे ठेवायचा, कोणतं बटण कशासाठी, याचे नियम अजून कुणी ठरवले नव्हते. आणि गेम बनवायचा खर्च अजून एवढा वाढला नव्हता की एक प्रयोग फसला म्हणून कंपनी बुडावी.

सेगाची गोष्ट मात्र वेगळी. ती कंपनी आधीच अडचणीत होती, आणि अडचणीतल्या माणसाचं धाडस तिच्या गेम्समध्ये दिसतं. ड्रीमकास्ट २७ नोव्हेंबर १९९८ ला जपानमध्ये आला. त्यात इंटरनेटला जोडणारा मोडेम आधीपासून बसवलेला होता. डिसेंबर २००० च्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’मध्ये टेलिफोनच्या तारेवरून जपानी आणि अमेरिकन खेळाडू एकाच मोहिमेवर निघत. एकमेकांची भाषा येत नसेल तर तयार वाक्यांच्या यादीतून निवडायचं आणि समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसायचं. ‘सीमॅन’मध्ये मायक्रोफोन लावून माणसाच्या चेहऱ्याच्या माशाशी बोलायचं असे, आणि तो मासा उलट उत्तरं देत असे.

पण सगळ्यात मोठा डाव होता ‘शेनम्यू’. सेगाचे गेम-दिग्दर्शक यु सुझुकी यांनी ती २९ डिसेंबर १९९९ ला आणली. कथा १९८६ च्या योकोसुका गावातली. वडिलांच्या खुनाचा माग काढणारा एक तरुण, आणि त्याच्याभोवती स्वतःच्या वेळापत्रकाने चालणारं गाव. दुकानं ठरलेल्या वेळी उघडत, माणसं संध्याकाळी घरी जात. पावसापाण्यासाठी तर त्या वर्षीच्या योकोसुकाच्या खऱ्या हवामान नोंदी वापरता येत. ड्रॉवर उघडून आतली वस्तू हातात घेऊन फिरवून बघता येई. पुढे नायकाला बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी लागते आणि खेळाडूही रोज सकाळी कामावर जातो. अचानक पडद्यावर बटणाची खूण उमटायची आणि ते चटकन दाबायचं, या प्रकाराला ‘क्विक टाइम इव्हेंट’ हे नाव मिळालं ते ‘शेनम्यू’मुळेच. आज ती खेळताना संथ वाटते, चालण्याची पद्धत अवघडलेली वाटते. तरीही ती खेळावी, कारण नंतरच्या कितीतरी गेम्सनी जी शहरं उभी केली त्यांचा पहिला नकाशा इथे आहे. ‘याकुझा’ मालिका घडवणारे तोशिहिरो नागोशी याच प्रकल्पावर काम केलेले.

‘शेनम्यू’वर अफाट खर्च झाला आणि तो वसूल झाला नाही. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची प्रचंड संपत्ती कंपनीच्या हवाली केली आणि मार्च २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याआधीच, ३१ जानेवारी २००१ ला, सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. त्या पडझडीतूनच तेत्सुया मिझुगुची यांची ‘रेझ’ बाहेर आली. तिच्यात प्रत्येक नेम हा तालाचा एक ठोका असतो, आणि खेळता खेळता संगीत आपणच रचतोय असं वाटू लागतं. चित्रकार कांदिन्स्की यांना ती अर्पण केलेली आहे.

सोनीकडे उलट परिस्थिती होती. ४ मार्च २००० ला जपानमध्ये प्लेस्टेशन २ आला तो डीव्हीडी लावता येणारं यंत्र म्हणून. सिनेमे बघण्यासाठी घेतलं तरी परवडावं अशी किंमत होती. त्याचे १६ कोटींच्या आसपास नग विकले गेले. एवढा खप कोणत्याही घरगुती कन्सोलच्या वाट्याला आलेला नाही. मेमरी होती फक्त ३२ एमबी. पण एवढ्या घरांत यंत्र पोचलं की विचित्र गेमलाही गिऱ्हाईक मिळतं. शंभरात एकाला आवडली तरी हिशेब जुळतो.

फुमितो उएदा चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. ‘ईको’चं काम त्यांनी १९९७ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी सुरू केलं. ते यंत्र पुरेना, म्हणून सगळं नव्यावर हलवलं. त्यांची पद्धत होती वजाबाकीची. जे गाभ्याला लागत नाही ते काढून टाकायचं. म्हणून तिथे जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी नाही, गुण नाहीत, शस्त्रांची यादी नाही. गेम जिथे थांबवायची तिथे एक दगडी बाक असतो, दोघं त्यावर बसतात आणि पेंगतात. खप बेताचाच झाला. पण ती खेळून एका हिदेताका मियाझाकी नावाच्या माणसाने चालू नोकरी सोडून गेम्सच्या धंद्यात यायचं ठरवलं. पुढे ‘डार्क सोल्स’ ही गाजलेली गेम त्यांनीच बनवली. उएदा यांची पुढची ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) तर आणखी कोरडी. अख्ख्या मुलखात फक्त १६ शत्रू, बहुतेक डोंगराएवढे, आणि मध्ये घोड्यावरून लांबच लांब एकांत. त्यातला प्रत्येक विजय मनाला लागतो. मारलेला प्राणी कोसळताना जे संगीत वाजतं ते शोकाचं असतं.

याच काळात स्कॉटलंडमध्ये, एडिनबरामध्ये, डीएमए डिझाइन या गेम-कंपनीची मंडळी अगदी वेगळ्या प्रश्नाशी झटत होती. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या पहिल्या दोन गेम्स वरून, पक्ष्याच्या नजरेने दिसत. तिसरी रस्त्यावर उतरवायची होती. पण ३२ एमबीत शहर मावत नाही. उपाय असा की खेळाडू जिथे आहे त्याच्या आसपासचाच भाग मेमरीत ठेवायचा, पुढचा डिस्कवरून धावत्या गाडीबरोबर आणत राहायचा आणि मागचा फेकून द्यायचा. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या त्या गेममध्ये गाडी चोरा, रेडिओ ऐका, मोहीम सोडून द्या आणि नुसते फिरा, असं स्वातंत्र्य होतं. त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली गेम हीच. हिंसेवरून तिच्यावर झालेली टीका खरी होती, पण तिची कारागिरीही तितकीच खरी आहे.

आपल्याकडे ही पिढी बहुतेकांनी पाहिली ती संगणकावर. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चीच पुढची ‘व्हाइस सिटी’ खेळलेली मुलं आज चाळिशीकडे झुकलीत. कन्सोल मात्र उशिरा रुजला आणि उशिरापर्यंत टिकला. प्लेस्टेशन ३ येऊन तीन वर्षं झाल्यावर, २००९ मध्ये, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने ‘हनुमान: बॉय वॉरियर’ बनवली ती प्लेस्टेशन २ साठीच.

एक्सबॉक्सची कथा बरीचशी एका गेमची कथा आहे. ‘हेलो’ १९९९ मध्ये जगाला पहिल्यांदा दाखवली ती स्टीव्ह जॉब्स यांनी, ॲपलच्या मॅक संगणकावर. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती बनवणारी बंजी ही कंपनी विकत घेतली. नेमबाजीच्या गेम्स कीबोर्ड-माउसनेच खेळायच्या असा तेव्हाचा समज होता. ‘हेलो’ने दोन काड्यांचा (अंगठ्याने फिरवायच्या दोन छोट्या दांड्यांचा) कंट्रोलर त्यासाठी सोयीचा करून दाखवला, एका वेळी दोनच शस्त्रं दिली, आणि थोडं लपलं की आपोआप भरून येणारं कवच दिलं. आज हे सगळीकडे दिसतं, म्हणून त्याचं नवल वाटत नाही. चार यंत्रं तारांनी जोडून सोळा जणांनी खेळायची सोयही तिच्यात होती.

निन्टेंडोच्या गेमक्यूबचा खप कमी, २ कोटी १७ लाखांच्या आसपास. पण ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ ही भयकथेची नेमबाजी गेम आधी त्यावर आली. तिच्या निर्मितीत अनेक आराखडे केराच्या टोपलीत गेले. त्यातला एक वेगळा होऊन ‘डेव्हिल मे क्राय’ झाला. शेवटी या मालिकेचे मूळ कर्ते शिंजी मिकामी यांनी स्वतः सूत्रं हाती घेतली आणि कॅमेरा नायकाच्या उजव्या खांद्यामागे आणून ठेवला. जानेवारी २००५ नंतरच्या अशा प्रकारच्या गेम्स पाहा. तो कॅमेरा तिथून हललेला नाही.

आणि प्लेस्टेशन २ वरची ‘कातामारी दामासी’. केइता ताकाहाशी मूळचे शिल्पकार. विश्वाच्या राजाने झिंगून आकाशातल्या चांदण्या मोडल्या, आता पाच सेंटिमीटरच्या राजपुत्राने एक चिकट गोळा लोळवत नव्या चांदण्या बनवायच्या. आधी टाचण्या आणि खोडरबर चिकटतात, मग मांजर, सायकल, माणसं, इमारती, शेवटी बेटं. सगळं दोन काड्यांवर. खर्च दहा लाख डॉलरच्या आत, आणि कामात ती काढणाऱ्या नाम्को कंपनीच्या प्रशिक्षण शाळेतले विद्यार्थी. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पहिल्या चौदा गेम्स संग्रहात घेतल्या, त्यात ही होती. लहान मुलाच्या हातात पहिल्यांदा कंट्रोलर द्यायचा असेल तर मी हीच देईन.

यातल्या बऱ्याच आज नव्या यंत्रांवर मिळतात. ‘शेनम्यू’चे पहिले दोन भाग आणि ‘कातामारी’ २०१८ मध्ये पुन्हा आले, ‘रेझ’ २०१६ मध्ये, आणि ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ तर २०१८ मध्ये नव्याने घडवली गेली. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ची २०२३ ची आवृत्ती देखणी आहे, पण आधी जुनी खेळा. तिच्यात गोळी झाडताना पाय जागीच थांबतात आणि भीतीचं मूळ त्या थांबण्यातच आहे. ‘ईको’ची सुधारलेली आवृत्ती मात्र २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी आली, त्यानंतर नवी झाली नाही. ती खेळायची तर जुना कन्सोल जपून ठेवलेला एखादा मित्र गाठावा लागतो.