पठार रिकामं होतं तेव्हा : गोव्यातल्या विद्यार्थ्यांच्या उन्हाळी रंगभूमीची पार्श्वभूमी

मे महिन्यात दुपारी पणजीजवळच्या ताळगावच्या पठारावर गेलात तर गोवा विद्यापीठ ओस पडलेलं दिसतं. सतीश गुजराल यांनी रचलेल्या इमारतींच्या जिन्यांवर चिटपाखरू नसतं, वसतिगृहाच्या खिडक्या बंद असतात. सव्वाचारशे एकरांच्या त्या आवारात ऐकू येतो तो फक्त वारा. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, इथल्या मुलांचा उन्हाळा असाच कोरडा जातो. पण त्याच रात्री पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्या ना कुठल्या देवळाचा वर्धापनदिन असतो, आणि तिथल्या रंगमंचावर याच पठारावर शिकणारी मुलं तोंडाला रंग लावून उभी असतात. गोव्यातल्या विद्यार्थ्यांची उन्हाळी रंगभूमी गावात भरते. ती तिथेच का भरते, हे समजायला विद्यापीठाच्या जन्माच्याही बरंच मागे जावं लागतं.

गोवा विद्यापीठ १९८५ सालचं. त्याआधी पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पुढे लिसेव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळाही आली, पण तिथलं शिक्षण पोर्तुगीजमधून. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना मोकळा श्वास घेता आला. मराठी शाळांनी जोर धरला, १९११ मध्ये मडगावात गोमंत विद्या निकेतन उभं राहिलं. तरीही मराठी घरातल्या मुलाला मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर मुंबई, पुणे, नाहीतर बेळगाव गाठावं लागे. आणि घरी येणं व्हायचं ते मे महिन्याच्या सुट्टीत.

मुंबईहून पणजीला येणारी बोट पावसाळ्यात बंद असायची. समुद्र खवळायच्या आत यायचं, राहायचं आणि परतायचं. त्यामुळे शिकायला गेलेली पोरं, नोकरीला गेलेले थोरले भाऊ, सगळे त्याच पाच-सहा आठवड्यांत गावी असत. देवळात उत्सव, घरात फणस-आंबे, अंगणात वाळत घातलेली सोलं, आणि संध्याकाळी सभामंडपात नाटकाची तालीम. बाहेर शिकलेल्या मुलांनी तिकडे पाहिलेलं नाटक, ऐकलेली चाल, दिव्यांची नवी युक्ती या सुट्टीत गावच्या मांडावर, म्हणजे उत्सवाच्या जागेवर, उतरायची.

मांड मात्र त्यांनी उभा केलेला नव्हता. दशावतारी काला, जागर, रणमाले हे लोकनाट्याचे प्रकार गावोगावी होतेच. मराठी संगीत नाटकाची इथली मुळंही देवळातलीच. तिसवाडीतल्या डोंगरी गावी एकोणिसाव्या शतकात कृष्णंभट्ट बांदकरांनी रामनवमीच्या उत्सवासाठी पदांनी भरलेली नाटकं लिहिली. आजचं विद्यापीठ याच तिसवाडी तालुक्यात आहे, आणि रामनवमी चैत्रातली, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली. गोव्यात नाट्यशिक्षणाची सुरुवात कुठून मोजायची असं कुणी विचारलं तर मी डोंगरीचंच नाव घेईन.

ख्रिस्ती गोंयकारांची वाटही मुंबईवरूनच गेली. तियात्र म्हणजे त्यांचं कोकणी संगीतनाटक. पहिलं तियात्र झालं ते १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईत. पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या माणसांनी ते उभं केलं आणि नंतर ते गोव्यात आलं. भाषा वेगळी, देव वेगळा, पण घर सोडून गेलेल्या तरुणांनी उन्हाळ्यात रंगमंच उभारायचा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. याकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, याची मला खंत वाटते.

पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सभेला बंदी, छापलेल्या शब्दावर सेन्सॉर. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी नागरी हक्कांसाठी आवाज उठवला आणि त्यांना लगेच अटक झाली. सभा घेता येत नव्हती अशा त्या काळात शे-दोनशे माणसांनी रात्रभर एकत्र बसायची हक्काची जागा म्हणजे देवळाचा मंडप. पौराणिक नाटकातल्या जुलमी राजाकडे बघताना प्रेक्षकांच्या मनात काय येत असेल, ते वेगळं सांगायला नको. १९५५ मध्ये भारताने सीमा बंद केली आणि सुट्टीतली ही ये-जाही जवळजवळ थांबली.

मुक्ती झाली १९ डिसेंबर १९६१ रोजी. पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झालं. ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून मे महिन्याची सुट्टी तशीच राहिली. बदल झाला तो इतकाच की आता मुलं बोटीने येत नव्हती, संध्याकाळच्या बसने तालमीला पोचत होती. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली, १९७२ मध्ये कला महाविद्यालय. कांपालला मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांनी रचलेली अकादमीची वास्तू १९८३ मध्ये पूर्ण झाली. मंगेशीत जन्मलेल्या मास्टर दीनानाथांचं नाव तिच्या नाट्यगृहाला मिळालं आणि भिंतींवर मारियो मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक येऊन बसले. अकादमीच्या नाट्यस्पर्धांनी गावच्या हौशी मंडळांना शिस्त लावली. देवळात रात्रभर चालणारं नाटक स्पर्धेसाठी अडीच तासांत बसवायला मंडळं इथेच शिकली.

पुढे विद्यापीठ आलं. कवी बाकीबाब बोरकर १९८४ च्या जुलैत गेले आणि विद्यापीठ त्यानंतर वर्षाच्या आत सुरू झालं, ही चुटपूट अनेकांना अजून लागून आहे. आज तिथे त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. पण विद्यापीठाचे आणि पणजीचे मोठे सोहळे थंडीतच होतात. कोसंबी विचार महोत्सव फेब्रुवारीत, इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून नोव्हेंबरात, सेरेंडिपिटी हा कला महोत्सव डिसेंबरात. पाहुणे येतात तेव्हा मांडव पडतो. उन्हाळ्याला कुणी पुरस्कर्ता मिळत नाही, म्हणूनच तो गावाच्या हातात राहिला, असं माझं मत आहे. मुलांसाठी बालभवन आणि रवींद्र भवनांची उन्हाळी शिबिरं भरतात. तिथे पहिल्यांदा रंगमंचावर चढलेली कितीतरी मुलं पुढे वाड्यावरच्या नाटकात दिसतात.

आता अडचण आहे ती वेळापत्रकाची. सेमिस्टर पद्धत आली आणि परीक्षा थेट मे महिन्यात शिरल्या. २०२५ मध्ये तर शाळांचं नवं वर्षही सहावीपासून पुढे ७ एप्रिललाच सुरू झालं. जत्रा तिथीप्रमाणे येते, ती परीक्षेसाठी पुढे सरकत नाही. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, वैशाख शुद्ध पंचमीलाच निखाऱ्यांतून चालणार.

गेल्या काही वर्षांत मी एका गावच्या तालमीला सलग जातो आहे. मंडपाच्या एका खांबाला टेकून लक्ष्मणाचं काम करणारा मुलगा बसलेला असतो, मांडीवर संहिता आणि तिच्याखाली मानसशास्त्राच्या नोट्स. त्याचा प्रवेश आला की शेजारची मुलगी त्या नोट्स उचलून स्वतः वाचायला घेते, कारण तिचाही तोच पेपर आहे. नाटकाच्या रात्री पालखी देवळात परतल्यावर साडेअकराला पडदा उघडतो. भरतवाक्य होतं तेव्हा पूर्वेकडे फटफटलेलं असतं. खोबरेल तेलाने रंग पुसायचा, कानामागे थोडा राहतोच, आणि सहाची पहिली बस धरायची. साडेनऊला पेपर असतो.