कंपनीचा स्टीरिओ न बदलता गाडीतील ध्वनिसुधारणा

मोटारीबरोबर कारखान्यातून आलेला स्टीरिओ जागचा न हलवता त्याच्या पुढचे दुवे, म्हणजे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वायरिंग आणि दरवाजा, सुधारून आवाजाचा दर्जा वाढवण्याची पद्धत. नाशिकच्या कार-डेकोरच्या दुकानांत तिला वेगळे नाव नाही. ‘भाऊ, टेप कंपनीचाच ठेवायचाय, बाकी बघा’ एवढे म्हटले की समोरच्याला कळते. कॅसेट केव्हाच गेली, पण गाडीतल्या स्टीरिओला ‘टेप’ आणि वूफरला (खर्जाच्या स्पीकरला) ‘बूफर’ म्हणण्याची सवय गेलेली नाही.

मूळ स्टीरिओ का ठेवतात

पूर्वी गाडीचा स्टीरिओ म्हणजे डॅशबोर्डातला १८० × ५० मिलिमीटरचा खण. हे माप जर्मनीच्या डीआयएन मानकातून आले आणि पुढे आयएसओ ७७३६ म्हणून जगभर चालले; उंचीला दुप्पट असलेला खण तो ‘डबल डिन’. माप ठरलेले असल्यामुळे जुना ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा, इतकेच काम असे. आता पडदा डॅशबोर्डाच्या अंगातच घडवलेला असतो. रिव्हर्स कॅमेरा, स्टीअरिंगवरची बटणे, एसीची स्थिती, दरवाजे आपोआप कधी लॉक व्हावेत यासारख्या सेटिंग्ज, सगळे त्याच्या पोटात. तो काढला की यातले काहीतरी बंद पडतेच, आणि फोन जोडण्याच्या सोयी मूळ पडद्यातच आल्यामुळे तो काढण्याचे मोठे कारणही उरलेले नाही. वॉरंटीचा प्रश्न आहेच. मूळ वायर कापलेली दिसली की पुढे कुठल्याही विजेच्या बिघाडात वाद निघतो. म्हणून ‘वायर कट न करता, कपलर टू कपलर’ (कपलर म्हणजे वायरींचा एकात एक बसणारा जोड) हा या धंद्यातला परवलीचा शब्द झाला आहे.

अडचण कुठे असते

पडद्याला दोष नाही. त्यामागच्या बोटभर अ‍ॅम्प्लिफायर-चिपची ताकद कमी पडते. माहितीपत्रकात ‘५० वॅट × ४’ असे लिहिलेले असते, ते थोडे गणित करून पाहावे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. एवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला शुद्ध लाटेच्या रूपात मिळू शकणारी कमाल शक्ती म्हणजे १४.४ चा वर्ग भागिले ८, जेमतेम २६ वॅट. चिपमधला तोटा वजा जाता हाती राहतात १५ ते २० वॅट. वर्गाला ८ ऐवजी ४ ने भागले की ५२ येतात आणि पत्रकातला आकडा कुठून आला ते उमगते: लाट पूर्ण कापली जाऊन चौकोनी झाल्यावरचा तो आकडा आहे. त्या अवस्थेतला आवाज कोणी ऐकू नये.

दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. मूळ स्पीकर हलके असतात, कागदी कोन आणि छोटे चुंबक. ते फाटू नयेत म्हणून अनेक गाड्यांचा स्टीरिओ आवाज वाढवत गेले की खर्ज गुपचूप कमी करत जातो. याची परीक्षा नाशिककराला सोपी आहे. रंगपंचमीच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) किंवा गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोल छातीवर कसा आदळतो हे त्याला ठाऊक असते. त्याच वादनाचे चांगले ध्वनिमुद्रण कंपनीच्या सिस्टीमवर मोठ्याने लावावे. ताशाची तडतड खणखणीत येते, ढोल मात्र पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखा वाजतो. हळू आवाजात तबल्याचा डग्गा बरा घुमतो आणि आवाज वाढवला की नाहीसा होतो, तेही याच कारणाने.

नुसते स्पीकर बदलणे

बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात आणि बहुतेकांची निराशा होते. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल, हा आकडा पाहिलाच जात नाही. तीन डेसिबलचा फरक भरून काढायला दुप्पट शक्ती लागते. मूळ हलक्या कोनाचा स्पीकर ९१ डेसिबलचा आणि नवा जड कोनाचा, रबरी कडांचा ८८ चा असेल, तर त्याच स्टीरिओवर नवा महाग स्पीकर जुन्यापेक्षा हळू वाजतो. अ‍ॅम्प्लिफायर लावायचाच नसेल तर ९० च्या वरच्या संवेदनशीलतेचा साधा कोअ‍ॅक्शियल घेणे शहाणपणाचे.

कोअ‍ॅक्शियलमध्ये ट्वीटर, म्हणजे वरच्या बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, मधोमध बसवलेला असतो. कंपोनंट संचात वूफर दरवाजात, ट्वीटर वर ए-पिलरजवळ (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाजवळ) आणि दोघांत स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर वेगळा. ट्वीटर कानाच्या उंचीला आला की गाणाऱ्याचा आवाज गुडघ्यापाशी न राहता काचेसमोर येतो. मागच्या दरवाजांवर खर्च करण्याचे कारण, मागे रोज कोणी बसत नसेल तर, दिसत नाही. चार स्पीकरचे पैसे पुढच्या दोघांवर घालावेत.

दरवाजा

या सगळ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत फायद्याचा भाग. हँडलमागचे व आर्मरेस्टमधले स्क्रू काढून, क्लिपा एकेक करून सोडवून दरवाजाचे पॅड उतरवले की आतला पातळ पत्रा आणि त्याला पडलेली मोठमोठी भोके दिसतात. पत्र्यावर बोटाने टिचकी मारली तर ‘टणण्’ असा आवाज येतो. स्पीकर वाजताना कोनाच्या पुढची आणि मागची हवा या भोकांतून एकमेकींत मिसळते आणि खर्ज तिथेच मरतो. उपाय साधा: अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या ब्यूटाइल रबराच्या पट्ट्या बाहेरच्या पत्र्याच्या आतून चिकटवून रोलरने दाबायच्या आणि आतल्या पत्र्याची भोके बंद करायची. मग टिचकी मारली की ‘ठप्प’. दरवाजा लावतानाचा आवाजसुद्धा बदलतो. काही ग्राहकांना त्याचेच कौतुक जास्त असते.

दरवाजा कोरडा नसतो, हे मात्र विसरू नये. काचेवरचे पावसाचे पाणी दरवाजाच्या आतूनच ओघळते आणि खालच्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे पट्टीने बुजवली की तळाशी डबके साचून गंज धरतो. स्पीकरखाली बसवायची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) असेल तर ती फुगते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीला प्लॅस्टिकची किंवा वॉर्निश पाजलेल्या मरीन प्लायचीच रिंग हवी. सिन्नर-येवल्याकडे पाऊस बेताचा, तिथे धूळ जास्त त्रास देते.

रिंग बसवण्यापूर्वी ध्रुव तपासण्याची जुनी युक्ती अजून चालते. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर उसळला तर सेलच्या धन टोकाला लागलेले ते धन. एका दरवाजात वायर उलट लागली तर दोन्ही स्पीकर चांगले असूनही खर्ज गायब होतो.

सिग्नल कुठून घ्यायचा

कंपनीच्या स्टीरिओला सहसा आरसीए आउटपुट (बाहेर सिग्नल देणारी कमी पातळीची खाच) नसते, म्हणून स्पीकरकडे जाणारा सिग्नलच अ‍ॅम्प्लिफायरला द्यावा लागतो. ‘हाय-लेव्हल इनपुट’ असलेला अ‍ॅम्प्लिफायर तो थेट घेतो. नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर, म्हणजे दुकानदारांचा ‘एलओसी’, लावतात. स्टीरिओच्या मागे गाडीच्या मॉडेलचा कपलर जोडला की चारही चॅनेल न कापता बाहेर येतात.

स्टीरिओच्या दोन्ही स्पीकर-वायरींवर, चेसिसच्या तुलनेत, बॅटरीच्या निम्मे म्हणजे सहा-सात व्होल्ट सतत असतात, कारण अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा असतो. त्यातली ‘निगेटिव्ह’ समजून चेसिसला जोडली तर चिप जळू शकते. याच व्होल्टेजचा उपयोग करून नवे अ‍ॅम्प्लिफायर आपोआप चालू होतात. चालू होण्याचा इशारा देणारी वेगळी रिमोट वायर शोधत बसावे लागत नाही. काही स्टीरिओ मात्र पलीकडे स्पीकरचा भार जाणवला नाही तर चॅनेलच बंद करतात. तिथे रोधक जोडून त्यांना फसवावे लागते.

बोस, सोनी, हरमन अशा नावांनी येणाऱ्या संचांचे प्रकरण वेगळे. त्यांत अनेकदा अ‍ॅम्प्लिफायर स्वतंत्र असतो, ट्वीटर आणि वूफरला आधीच तुकडे केलेला सिग्नल मिळतो, काहींत तो डिजिटल वायरीवरून धावतो. हे तुकडे पुन्हा जोडायला डीएसपी, म्हणजे ध्वनीवर आकडेमोड करणारा डिजिटल प्रोसेसर, लागतो, आणि डिजिटल वायर असेल तर त्या गाडीसाठीच बनलेला इंटरफेस. ज्याने त्या मॉडेलवर आधी काम केलेले नाही त्याच्या हाती अशी गाडी देऊ नये.

सीटबेल्टची सूचना, इंडिकेटरची टिकटिक, पार्किंग सेन्सरचा पीप हे कित्येक गाड्यांत पुढच्या स्पीकरमधूनच येतात. अ‍ॅम्प्लिफायर लागल्यावर तेही वाढतात. गल्लीत गाडी मागे घेताना पीपने दचकणारा मालक दुसऱ्या दिवशी दुकानात परत येतो.

अ‍ॅम्प्लिफायर आणि वीज

मूळ स्टीरिओ ठेवणाऱ्यांसाठी ७५ वॅटचे चार चॅनेल पुरेसे होतात. एकूण ३०० वॅटसाठी सुमारे ८० टक्के कार्यक्षमतेचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण भारावर २६ अँपिअर ओढतो, ५५ टक्क्यांचा क्लास-एबी जवळपास ४०. गाणी वाजवताना सरासरी याच्या बरीच खाली राहते, म्हणून मूळ अल्टरनेटर सहसा चालून जातो.

वीज थेट बॅटरीवरून आणतात आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज घालतात. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा वायर वाचवण्यासाठी असतो: वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर आग तिथूनच लागते. इंजिनमागच्या पत्र्यातून वायर नेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडे) हवाच. स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. तिची वाहकता तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणून एक माप जाड घ्यावी. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा पत्रा काढतात. ते नीट झाले नाही, किंवा सिग्नलची वायर विजेच्या वायरीला बिलगून नेली, की इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी ऐकू येते.

गेन (येणाऱ्या सिग्नलची पातळी जुळवण्याची कळ) म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, पण ते तसेच फिरवले जाते. खरी रीत अशी: स्टीरिओचा आवाज विकृती सुरू होण्याच्या थोडा खाली ठेवावा, १००० हर्ट्झचा सूर लावावा, स्पीकर सोडवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर जोडावा. ४ ओहमला ७५ वॅट म्हणजे १७.३ व्होल्ट. तेवढे दिसले की थांबावे. दरवाजातल्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचे स्वर हाय-पास फिल्टरने तोडून टाकावेत. तो भार फक्त खर्ज वाजवणाऱ्या सबवूफरने घ्यावा. सीटखालचा चपटा सबवूफर शहरात पुरतो. समृद्धीच्या काँक्रीटवर टायरची घरघर खर्ज गिळते, तिथे डिकीतल्या पेटीशिवाय भागत नाही.

डीएसपी हा शेवटचा टप्पा. उजवीकडे बसलेल्या चालकाला उजवा स्पीकर डाव्यापेक्षा अर्धा मीटर जवळ असतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवा आवाज साधारण दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि गायक उजव्या दरवाजात बसल्यासारखा वाटतो. डीएसपी उजव्याला तेवढा उशीर लावतो आणि गायक मधोमध सरकतो. मूळ स्टीरिओने कापलेले स्वरही तो काही अंशी भरून काढतो. मात्र आवाजागणिक खर्ज कमी करणाऱ्या स्टीरिओत सुधारणा एकाच पातळीवर नेमकी बसते.

आवाज काचेबाहेर गेला की कायद्याचा विषय होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवतीच्या किमान १०० मीटरच्या घोषित शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

काढलेले मूळ स्पीकर, त्यांचे स्क्रू आणि फोमच्या कडा खोक्यात घालून वर गाडीचा नंबर लिहून ठेवतात. वायर कापलेली नसेल तर गाडी विकताना तेच परत चढवता येतात आणि अ‍ॅम्प्लिफायर नव्या गाडीत जातो. ब्यूटाइलच्या पट्ट्या तेवढ्या दरवाजातच राहतात.