कानेटकर सरांचा वर्ग: कादंबरीकडून रंगभूमीकडे

वसंत कानेटकर म्हटलं की नाटकच आठवतं. पण नाशिकच्या एचपीटी कॉलेजातल्या या प्राध्यापकाने आधी कादंबऱ्या लिहिल्या, ‘घर’, ‘पंख’, ‘पोरका’, हे आता नाशिककरांच्याही फारसं ध्यानात नाही.

जन्म १९२०चा, सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा. वडील रविकिरण मंडळातले कवी गिरीश, म्हणजे कविता घरातच. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात. मग नाशिक, आणि नाशिकच. नाटकाची बाजारपेठ मुंबई-पुण्यात असतानाही त्यांनी बिऱ्हाड हलवलं नाही. याच गावात तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कवी कुसुमाग्रजही होते. एका गावाला हे भाग्य पुष्कळच झालं.

१९५७ साली पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने ‘वेड्याचं घर उन्हात’ रंगमंचावर आणलं. भालबा केळकरांचं दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागूंची दादासाहेबांची भूमिका. कादंबरीच्या नावातलं ‘घर’ नाटकाच्या नावातही आलं, आणि मला वाटतं ते पुढे कधी सुटलंच नाही. १९६२च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये स्वराज्याच्या राजधानीचंही त्यांनी घर केलं: थकलेला बाप, दुखावलेला मुलगा, मध्ये अडकलेली माणसं. बखरीतला इतिहास प्रेक्षकाच्या ओसरीवर आला तो असा.

दुसरी न सुटलेली गोष्ट म्हणजे प्राध्यापक. ‘प्रेमा तुझा रंग कसा’मधले बल्लाळ हसवतात. ‘हिमालयाची सावली’ (१९७२) मधले भानू महर्षी कर्व्यांवरून बेतलेले. समाजासाठी झिजणाऱ्या माणसाच्या सावलीत घरच्यांना काय सोसावं लागतं, ते तिथे कळतं. या दोघांच्या मधला ‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) मधला विद्यानंद मला सर्वांत जवळचा. हा तत्त्वनिष्ठ माणूस संस्थाचालकाच्या कारस्थानामुळे तुरुंगात जातो, बाहेर येतो तो सूडाने पेटून. आणि ज्या उनाड लाल्याला त्याने माणसात आणलं, तोच त्याच्यासमोर उभा राहतो. प्रभाकर पणशीकर आणि काशिनाथ घाणेकरांनी हे द्वंद्व घराघरांत पोहोचवलं. कॉलेजातलं राजकारण आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरची पोरं रोज पाहिल्याशिवाय असं नाटक लिहून होत नाही.

१९६९ साली त्यावर ‘आंसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याच्या कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९२ साली पद्मश्री आली, तेव्हाही पत्ता नाशिकचाच होता.